घरपोच

दारावरची घंटा वाजते, "पार्सल!" अशी हाक येते आणि आमच्या घरातली तीनही माणसे एकदम दाराकडे धावतात. वस्तू आपणच मागवलेली, पैसेही आपणच भरलेले. तरी खोके उघडताना जीव कसा अधीर होतो!

ही गंमत तशी जुनीच. वस्तू दारात घ्यावी आणि पैसे पोस्टमनच्या हाती द्यावेत, ही व्ही. पी. ची सोय आपल्याकडे १८७७ सालची. पुढे १९७२ साली पिनकोड आला, तो श्रीराम वेलणकरांच्या कल्पनेतून. हे गृहस्थ संस्कृत कवी. साऱ्या देशाचे पत्ते सहा आकड्यांत बसवायला वृत्तात शब्द बसवणाराच माणूस हवा, नाही का?

गेल्या दिवाळीत कोकणातल्या आईला मी घरबसल्या शाल पाठवली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "शाल मिळाली हो. छान ऊबदार आहे. पण खोके दोनदा झाडले, तुझी चिठ्ठी काही सापडली नाही."

मी काय बोलणार? मी वसतिगृहात असताना ती कापडात शिवून फराळ पाठवी. चकल्यांचा चुरा होई. चिठ्ठी मात्र शाबूत असे.

यंदा तिची भेटवस्तू मी आधी आमच्याच घरी मागवली. आत चार ओळी लिहून ठेवल्या आणि खोके पुन्हा बांधून स्वतः टपालकचेरीत नेऊन दिले. सोय थोडी कमी झाली खरी. पण आता तिच्या फोनची वाट पाहण्यात मोठी मौज आहे.