नाशिक पाहावे कसे?

शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या शाळेची सहल नाशिकला निघाली, की आदल्या दिवशी फळ्यावर स्थळांची यादी लिहिली जाते. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, पांडवलेणी आणि वेळ उरलाच तर त्र्यंबकेश्वर! सायंकाळी मुले परततात, तेव्हा त्यांच्या ध्यानात राहतो तो गाडीतला दंगा आणि नाशिकचा चिवडा. दंग्याला किंवा चिवड्याला माझी मुळीच हरकत नाही. परंतु एका दिवसात इतकी स्थळे उरकणे म्हणजे शहर पाहणे नव्हे; ते नुसते हजेरी लावणे झाले. माझ्या मते यादीतील निम्मी नावे पुसून टाकावीत व गोदावरीचा काठ पायी हिंडावा.

या नदीशी आपले नाते जवळचे आहे. त्र्यंबकच्या ज्या डोंगरांत गोदावरी उगम पावते, त्याच डोंगरांत आपली वैतरणाही उगम पावते. एक पूर्वेची वाट धरते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. दुसरी पश्चिमेला वळते. एकीच्या काठी घाट, देवळे आणि वाडे उभे राहिले. दुसरीच्या वाट्याला धरणे आली. त्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि शहापुरातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत आले की छातीपर्यंत, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. जवळच १७४७ साली बांधलेले नारोशंकराचे देऊळ आहे. त्याची प्रचंड घंटा मराठ्यांनी १७३९ साली वसई जिंकली त्या विजयाची आठवण सांगते. येथून जुन्या गल्ल्यांत शिरावे. तेथे कोरीव लाकडी खांबांचे वाडे अजून आढळतात. पुष्कळ मोडकळीस आले आहेत, पुष्कळ पाडलेही गेले. वाडा पाडणाऱ्याला नावे ठेवणे सोपे असते. पण गळक्या छपराखाली पावसाळे काढणाऱ्या कुटुंबाचे म्हणणेही ऐकून घ्यावे.

या शहरातील कला केवळ दगडात व लाकडात नाही. तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीचे ठोके पडत आले. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि रंगीत पाण्याने भरलेल्या त्या हौदांत माणसे धडाधड उड्या घेतात. गोदाकाठी १९२२ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. येथील सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचे आहे. कुसुमाग्रज याच गावात राहिले.

आता काळारामाच्या देवळाविषयी. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी ते काळ्या पाषाणात बांधले. त्याची घडण पाहून मान आपोआप वर होते. पण मला विचाराल, तर तेथे शिखराआधी दार पाहावे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्री-पुरुष या देवळाकडे आले, तेव्हा दारे बंद करण्यात आली. अस्पृश्य मानलेल्या माणसांना आत प्रवेश नव्हता. ते दारांपुढे बसून राहिले. भाऊराव गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सत्याग्रह पुढे काही वर्षे चालविला. इतके सुंदर देऊळ आणि इतके कठोर दार एकाच ठिकाणी होते, ही गोष्ट मनाला बोचते. ती बोचू द्यावी. वाटाड्या नुसती शिखराची उंची सांगून पुढे चालू लागला, तर त्याला थांबवून दाराविषयी विचारावे.

शेवटी पांडवलेणी. पांडवांशी त्यांचा संबंध नावापुरताच; ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. एका लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचा पराक्रम तीत तिने वर्णिला आहे. दुसऱ्या एका लेखात विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमेची नोंद आहे. तिच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे मिळत. म्हणजे कारागिरांची पत तेव्हा पेढीसारखी होती!

हे वाचताना मुरबाडच्या मुलांनी दचकायला हवे. कारण सातवाहनांचीच दुसरी एक राणी, नागनिका, हिचा लेख आपल्या नाणेघाटातील गुहेत आहे आणि तो बलश्रीच्या लेखाहून जुना आहे. कोकणातील बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरकडे चढत असे. नाशिकची लेणी पाहायला आपण दूरवर जातो आणि घरामागची गुहा तशीच राहते.

म्हणून नाशिकच्या सहलीआधीच्या एखाद्या शनिवारी शाळेने मुलांना वैशाखऱ्याला न्यावे. तेथून घाट पायी चढावा लागतो. निघताना पहाट गाठावी आणि प्रत्येकाने पाण्याची बाटली घ्यावी.