घोड्याच्या पाठीचे देणे

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना मज्जाव असल्यामुळे पर्यटकांचा आणि मालाचा बराचसा भार आजही घोड्याच्या पाठीवरून जातो, आणि तेथील ज्या निर्मळ हवेची आपण मुक्तकंठाने प्रशंसा करतो तिचे पुष्कळसे श्रेय या मूक प्राण्याच्या श्रमाला द्यावे लागते. तथापि दिवसभराच्या खेपा संपल्यावर त्या पाठीची निगा कोण राखतो, याची चौकशी करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. खरारा आणि मालिश ही शर्यतीच्या घोड्यांची चैन आहे, हा समज मुळापासून चुकीचा असून, कष्टकरी घोड्याच्या बाबतीत ते त्याच्या श्रमाचे रास्त देणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घोड्याला जत्रुकास्थी, म्हणजे गळ्याजवळचे आडवे हाड, नसते. त्याचे पुढचे पाय केवळ स्नायूंनी आणि स्नायुबंधांनी धडाशी जखडलेले असतात, आणि देहाचा निम्म्याहून अधिक भार त्याच पायांवर पडतो. त्यात स्वाराचे वजन आणि आवळलेला तंग यांची भर पडली, की खांदे व पाठ ताठरतात. खोगीर उतरवल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर खोगीर तेथे अवाजवी दाबते आहे असा संशय घ्यावा. आणि आयाळ संपते तेथील उंचवट्यावर पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर ती बहुधा जुन्या जखमांची कायमची निशाणी असते.

अशा पाठीवर, कण्याच्या हाडावर जोर न देता, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावरून केसांच्या दिशेने तळहात सावकाश फिरवला, म्हणजे घोडा मान खाली सोडतो, डोळे अर्धवट मिटतो आणि त्याचा खालचा ओठ सैल पडतो. उलट त्याने कान मागे पाडले किंवा पाठ चोरली, तर हात तेथेच थांबवला पाहिजे. घोडे एकमेकांना जेथे खाजवतात त्या मानेच्या बुडाशी हाताने खाजवले असता हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील कामार्ग घोड्यांवरील 1993 च्या संशोधनात आढळले आहे. अर्थात लंगडणे, सूज वा उघडी जखम यांवर मालिश हा इलाज नव्हे. तेथे पशुवैद्यच हवा.

शिवकालीन पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद तैनात असे, ही सभासदाच्या बखरीतील नोंद घोड्याची शुश्रूषा हा राज्यकारभाराचा भाग मानल्याची साक्ष देते. आपल्याकडेही 1965 चे नियम आहेत: ओझेवाहू जनावराकडून दिवसाकाठी 9 तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग 5 तासांहून अधिक काम घेऊ नये, तसेच खोगिराची कमान आणि घोड्याच्या पाठीचा उंचवटा यांत पुरेसे अंतर असावे, अशी ताकीद त्यांत आहे. उणीव आहे ती अंमलाची.

म्हणून घोड्यांचे परवाने देताना पाठीची आणि खोगिराची तपासणी सक्तीची करावी, अश्वपालांना मालिशीचे शिक्षण सरकारी खर्चाने द्यावे, आणि त्यांची रोजची मिळकत खेपांवर अवलंबून असल्यामुळे विश्रांतीचा भुर्दंड एकट्या त्यांच्या माथी न मारता तो भाड्याच्या दरात धरावा. पर्यटकांनीही ती वाढ घासाघीस न करता द्यावी, आणि स्वार होण्यापूर्वी घोड्याची पाठ एकदा पाहून घ्यावी; जखम दिसल्यास पायी जावे.