आल्याच्या तेलाची बाटली आधी वर ठेवा

घरात आल्याच्या तेलाची छोटी बाटली असेल तर पुढचं वाचण्याआधी उठा आणि ती कडी लागणाऱ्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवा. बाळाच्या औषधांच्या डब्यात असेल तर आत्ताच बाहेर काढा. १० किंवा १५ मिलीची बाटली, झाकणाला रबरी फुग्याचा ड्रॉपर. बाळाचे ड जीवनसत्त्वाचे थेंब, पोटात वात धरला की द्यायचे थेंब, नाकात घालायचे थेंब, सगळे अशाच बाटल्यांतून येतात. मध्यरात्री, अर्धवट झोपेत, रडणारं बाळ खांद्यावर असताना हात चुकायला कितीसा वेळ लागतो?

‘आल्याचंच तर आहे, त्याने काय होणार?’ असं म्हणणारं कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतं. साताऱ्याकडचं आलं आपण रोज चहात किसतो, जन्माष्टमीला सुंठवडा वाटतो, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. पण इसेन्शिअल ऑइल म्हणून मिळतं ते आलं तेलात उकळून केलेलं तेल नव्हे. सुंठीतून वाफेवर काढलेला तो अर्क असतो. शंभर किलो सुंठीतून जेमतेम एक ते तीन किलो तेल निघतं. म्हणजे १० मिलीच्या बाटलीमागे साधारण दोन किलो ओलं आलं गेलेलं असतं. आणि आल्याचा तिखटपणा ज्या जिंजेरॉलमुळे असतो, ते वाफेबरोबर येतच नाही, मागे चोथ्यात राहतं. तेलात उतरतात ते मुख्यतः वासाचे घटक. त्यामुळे आलं खाण्याचे जे गुण आपण ऐकत आलो, ते या बाटलीच्या खात्यावर जमा करू नका.

दुकानदारांनी आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनी यात भर घातली आहे. ‘जिंजर ऑइल’ याच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, तिळाच्या किंवा दुसऱ्या तेलात आल्याचा अंश मिसळलेलं तयार मालिशचं तेल. दुसरी, निव्वळ अर्क. पहिलं तळहातावर ओतून चोळता येतं. दुसरं तसंच चोळलं तर त्वचा लाल होते, आग होते, पुरळ उठतं, आणि काहींना त्याची ॲलर्जी कायमची जडते. लेबलवर घटकांची यादी वाचा. तिळाचं, खोबऱ्याचं, बदामाचं असं कोणतंही तेल त्यात लिहिलेलं नसेल, किंवा लेबलच धड नसेल, तर तो शुद्ध अर्क आहे असं धरून चाला.

आता बेंबीविषयी. ‘बेंबीत दोन थेंब सोडा, पोट उतरेल, सूज जाईल’ अशा जाहिराती फोनवर सतत फिरत असतात. जन्मानंतर नाळेच्या रक्तवाहिन्या बंद होतात. बेंबीतून पोटात जाणारी वाट मोठ्या माणसाच्या शरीरात नसते, आणि चरबी तर तेलाने वाहून जात नाहीच. बेंबीच्या खळग्यात साचलेला अर्क तिथली नाजूक त्वचा मात्र भाजू शकतो. तान्ह्या बाळाच्या बेंबीभोवती हिंग लावायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या हिंगाच्या जागी कोणी हे तेल सुचवलं तर ठाम नाही म्हणा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हे तेल नको, पातळ करूनही नको. त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञांना विचारा. मालिश करायला येणाऱ्या मावशींना हे नीट समजावून सांगा, आणि आजीलाही सांगा. आजीला सांगणं अवघड असतं, तरी सांगा.

मोठ्यांनी वापरायचं असेल तर माप सोपं आहे. चहाचा एक सपाट चमचा, म्हणजे ५ मिली, खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या आणि त्यात अर्काचा एक थेंब टाका. हे साधारण एक टक्का झालं. पाठीला, गुडघ्याला फार तर दोन थेंब. याहून जास्त घातल्याने दुखणं लवकर थांबत नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला हे मिश्रण थोडं लावून एक दिवस थांबा. खाज आली तर विषय संपला. चेहरा, डोळ्यांच्या आसपासची जागा, जखम, गजकर्ण, खरचटलेला भाग यांना लावू नका. पाण्यात मिसळून पातळ होईल अशी समजूत करून घेऊ नका. ते पाण्यात विरघळत नाही, बादलीत वर तरंगतं, आणि पहिल्याच तांब्याबरोबर आहे तसं अंगावर येतं.

लावल्यावर वरून गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, पट्टा आवळू नका. आपल्याकडे शेक दिल्याशिवाय मालिश पुरी झाली असं वाटत नाही, पण उष्णतेने आणि झाकल्याने अर्क त्वचेत जास्त शिरतो आणि आग वाढते. पोट बांधणाऱ्या बाळंतिणींनी पोटावर हे लावूच नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पायांना लावू नये, कारण भाजलं तरी त्यांना ते कळणार नाही. गरोदर स्त्रिया, रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेणारे आणि दम्याचे रुग्ण, तिघांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नये.

वासासाठी वापरत असाल तर डिफ्यूझरमध्ये तीन-चार थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून. बंद खोलीत रात्रभर नको. घरात मांजर असेल तर अजिबात नको: अशा तेलांतले अनेक घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. डासांच्या मशीनची रिकामी बाटली या तेलाने भरू नका. हे तेल पेट घेतं, म्हणून निरांजन, अगरबत्ती, गॅसची शेगडी यांच्याजवळ ठेवू नका. सर्दीला वाफारा घ्यायचा तर साध्या पाण्याचा घ्या, आणि मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. पातेलं कलंडून भाजणं हा धोका कुठल्याही तेलापेक्षा मोठा आहे.

आणि पिऊ नका. गरम पाण्यात थेंब, मधात थेंब, काहीही नको. पोटाला आलं हवं असेल तर मंडईतून आलं आणा.

खरं तर निलगिरी आणि कापूर यांच्यापुढे आल्याचं तेल सौम्यच म्हणायचं. निलगिरीचं तेल लहान मुलाने चमचाभर गिळलं तरी शुद्ध हरपण्यापर्यंत वेळ येऊ शकते, आणि कापराने झटके येतात. या दोन्ही गोष्टी देवघरात नाही तर उशाशी पडलेल्या असतात, तेव्हा त्याही याच कपाटात जाऊ द्या.

कोणी तेल गिळलंच तर उलटी काढायला लावू नका. घशात बोट घालणं, मिठाचं पाणी पाजणं हे उपाय इथे घातक ठरतात, कारण वर येताना तेल फुप्फुसात शिरू शकतं आणि तिथे सूज येते. खोकला, गुदमरणं, जोरात श्वास चालणं, पेंग येणं, झटका येणं यांपैकी काही दिसलं तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मूल वरकरणी ठीक दिसत असलं तरी दवाखान्यात न्या. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्वचेवर सांडलं तर आधी खोबरेल लावून पुसून घ्या, मग साबणाने धुवा.

दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या, झाकणासकट. आत काय होतं आणि किती उरलंय, हे डॉक्टरांचे पहिले दोन प्रश्न असतील.