डॉप्लर कोणाच्या हाती?

मधुमेहाने पायाची जखम चिघळलेला शेतमजूर सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा एक चिठ्ठी पडते: 'पायाचा डॉप्लर करून आणा.' ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तीही बहुशः खाजगी केंद्रात, होते. जाण्यायेण्याचे भाडे, तपासणीचे शुल्क आणि बुडालेली मजुरी यांचा मेळ बसेपर्यंत दिवस जातात. धमनी कोठे तुंबली आहे हे वेळीच कळले असते तर वाचू शकणारा पाय मग गुडघ्याखाली कापावा लागतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नाही.

या तपासणीला ना सुई लागते, ना क्ष-किरण, ना महागडे रसायन. यंत्राची किंमत शासनाच्या आवाक्याबाहेरची नाही, आणि एकदा घेतलेले यंत्र वर्षानुवर्षे चालते. दुर्मीळ आहे तो हे यंत्र चालवणारा शिक्षित हात. ही दुर्मीळता निसर्गदत्त नसून आपल्या शिक्षणव्यवस्थेने आणि धोरणशून्यतेने निर्माण केलेली आहे. आमच्या मते या प्रश्नाचे मर्म येथेच आहे.

हे काम शिक्षणावाचून होण्यासारखे नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. हलणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची कंप्रता बदलते, हे क्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे मांडलेले तत्त्व या तपासणीचा पाया आहे. रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीवरून यंत्र रक्ताचा वेग काढते. परंतु त्यासाठी ध्वनिकिरण आणि रक्तप्रवाह यांमधला कोन तपासणाऱ्याने स्वतः ठरवून द्यावा लागतो. समजा, मानेतील धमनीत रक्ताचा खरा वेग सेकंदाला २०० सेंटीमीटर आहे आणि खरा कोन ६० अंशांचा आहे. तपासणाऱ्याने तो चुकून ६५ अंश धरला, तर यंत्र सुमारे २३७ हा आकडा दाखवील. आता, अमेरिकन तज्ज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या सर्वसंमत निकषांनुसार वेग २३०च्या वर गेला की धमनी ७० टक्के वा अधिक अरुंद झाली असे धरतात. आणि ज्याला पक्षाघाताची पूर्वलक्षणे होऊन गेली आहेत अशा रुग्णाच्या बाबतीत याच मर्यादेपाशी शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. उलट दिशेने तेवढीच चूक झाली, तर २४०चा वेग २०९ दिसेल आणि ज्याला शस्त्रक्रियेची खरी गरज आहे तो घरी पाठवला जाईल. पाच अंशांच्या चुकीवर एका माणसाचे भवितव्य ठरते. दोन दिवसांची कार्यशाळा आणि एक प्रमाणपत्र यांनी हे कौशल्य येत नाही. ते येते अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केलेल्या शेकडो तपासण्यांनी आणि आपला निष्कर्ष खरा ठरला की खोटा, हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहण्याने.

इतरत्र ही व्यवस्था कशी लावली गेली? ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रक्तवाहिन्यांची ध्वनितपासणी प्रामुख्याने डॉक्टर करीत नाहीत. 'व्हॅस्क्युलर सायंटिस्ट' म्हणून ओळखले जाणारे, डॉक्टर नसलेले तज्ज्ञ करतात. विज्ञानाच्या पदवीधराला तीन वर्षे रुग्णालयात प्रशिक्षण मिळते, सोबत विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी मिळते, आणि या संपूर्ण काळात त्याला वेतन मिळते. तेथेही मनुष्यबळाचा तुटवडा आहेच. परंतु प्रशिक्षण ही सार्वजनिक गुंतवणूक आहे हे तत्त्व तेथे मान्य झालेले आहे. आपल्याकडे ते व्यक्तीने विकत घ्यावयाचे भांडवल ठरले आहे. खाजगी महाविद्यालयात प्रतिमाशास्त्राच्या पदव्युत्तर जागेसाठी जो प्रचंड शुल्क मोजतो, तो ते रुग्णांकडून वसूल करणार, आणि वसुली जेथे होते त्या शहरातच दुकान मांडणार. त्याला दोष देऊन काय साधणार? बाजाराला दिलेली वस्तू बाजाराच्याच नियमाने वागते.

येथे एक गंभीर अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भारतात सोनोग्राफीचे यंत्र केवळ वैद्यकीय साधन राहिलेले नाही; ते मुलींच्या जिवावर उठलेले हत्यारही ठरले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, तो स्त्रीसंघटनांच्या चळवळीच्या रेट्यामुळे. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून 'सेहत' आणि 'मासूम' या महाराष्ट्रातल्याच संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एवढे होऊनही महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ असे घसरत गेले. तेव्हा यंत्रांची नोंदणी आणि ती हाताळणाऱ्यांच्या पात्रतेची अट ही नोकरशाहीची लहर नसून लढून मिळवलेली तटबंदी आहे. ती पाडा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही.

परंतु तटबंदीच्या आत काय चालले आहे, हे पाहिलेच पाहिजे. साध्या पदवीधर डॉक्टरांसाठी २०१४च्या नियमांनी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवले, ते उदर आणि कटिभागाच्या सोनोग्राफीचे. हातापायांच्या धमन्या नि शिरा हा त्याचा विषय नव्हे. दुसरीकडे संसदेने २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत 'सोनोग्राफर' या व्यावसायिकाचा उल्लेखही केला. म्हणजे एक कायदा ज्या व्यवसायाला नाव देतो, त्याच्या हाती यंत्र देण्याची वाट दुसरा कायदा उघडीत नाही. या विसंगतीची किंमत रुग्ण आपल्या पायाने मोजतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. पण हातातील धमनी आणि शीर जोडून 'फिस्टुला' करण्यापूर्वी शिरांचा नकाशा कोणी काढावयाचा, आणि तो फिस्टुला अरुंद होऊ लागला तर वेळेवर कोणी सांगावयाचे? यंत्रे बसवली गेली, माणसे घडवली गेली नाहीत.

डॉक्टर नसलेल्यांच्या हाती यंत्र दिल्यास दर्जा घसरेल आणि लिंगनिदान वाढेल, असा आक्षेप घेतला जाईल. दर्जाचे उत्तर वर आलेच आहे: तो पदवीच्या नावाने येत नाही, देखरेखीने आणि पडताळणीने येतो. दुसऱ्या भीतीबद्दल एवढेच म्हणावेसे वाटते की, २०१२ साली परळीत जे भीषण प्रकरण उघडकीस आले, ते एका डॉक्टर दांपत्याचे होते. पदवी ही नीतीची हमी नव्हे. हमी देते ती सार्वजनिक नियंत्रणाखालील व्यवस्था.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत रक्तवाहिन्यांच्या ध्वनितपासणीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा. तो डॉक्टरांना, तंत्रज्ञांना आणि परिचारिकांनाही खुला असावा. शुल्क नसावे, विद्यावेतन असावे, आणि नंतर जिल्हा रुग्णालयात काही वर्षे सेवेचे बंधन असावे. दुसरी, केंद्राने १९९४च्या कायद्याच्या मूळ मनाईला हात न लावता, केवळ नोंदणीकृत शासकीय रुग्णालयात, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, केवळ रक्तवाहिन्यांच्या तपासणीपुरती अशा व्यावसायिकांना मान्यता देणारी मर्यादित तरतूद करावी. आणि तिचा मसुदा स्त्रीसंघटनांशी चर्चा केल्याशिवाय पुढे नेऊ नये. तिसरी, प्रत्येक केंद्राच्या निष्कर्षांची अँजिओग्राफीशी आणि शस्त्रक्रियेत दिसलेल्या वस्तुस्थितीशी नियमित तुलना व्हावी आणि ती जाहीर व्हावी.

यासाठी लागणारा पैसा फार नाही. कापलेल्या पायामागे एका कुटुंबाची हयातभराची मिळकत जाते, तो तोटा कोणत्याही अंदाजपत्रकात मांडला जात नाही, म्हणून हा खर्च मोठा भासतो. ज्ञानाची मक्तेदारी मोडणे हा या महाराष्ट्रातील समतेच्या चळवळीचा जोतीराव फुल्यांपासूनचा वारसा आहे. त्या वारशात अक्षरांना जे स्थान होते, तेच आज या कौशल्याला दिले पाहिजे. कामगार संघटनांनी, शेतमजूर युनियनांनी आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्त्यांनी हा प्रश्न आपल्या मागणीपत्रकात घ्यावा. इमारतींच्या आणि यंत्रांच्या उद्घाटनांची मोजदाद पुरे झाली. किती हात शिकवले, याचा हिशेब आता शासनाकडे मागितला पाहिजे.