बाळंतपण आणि संमोहन: भीती सोडावी, इस्पितळ सोडू नये

संमोहन हा शब्द ऐकला की आपल्या पेडणे-डिचोलीच्या गावांत कोणाला जत्रेतला जादूगार आठवतो, तर कोणाला घाडी. त्यामुळे गरोदर बाईने संमोहन शिकावे असे कोणी सुचवले, की घरची वडील माणसे कपाळाला आठ्या घालतात. हे पाप तर नव्हे, अशीही शंका काढली जाते. आमचे मत आरंभीच सांगतो. यात पाप नाही, जादूही नाही. जाणत्या माणसाकडून शिकल्यास बाळंतिणीला त्याचा थोडाफार उपयोग होतो. मात्र त्याच्या भरवशावर इस्पितळ टाळणे म्हणजे दोन जिवांशी खेळ होय.

या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत आपलाच एक गोवेकर धर्मगुरू होता. आबे फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावी झाला. पुढे ते पॅरिसला गेले. त्या काळी मेस्मरचे अनुयायी म्हणत, की उपचार करणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य प्रवाह निघतो आणि तोच रोग्याला झोपवतो. फारियांनी हे खोडून काढले. झोपणाऱ्याचे स्वतःचे मन आणि त्याला दिलेली सूचना यांमुळेच सारे घडते, असे त्यांनी सांगितले. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते वारले. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ साली उभारलेला त्यांचा पुतळा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

ख्रिस्तसभेचे म्हणणेही स्पष्ट आहे. मनाची तयारी करून प्रसूतिवेदना कमी करण्याच्या पद्धतीत नीतीच्या दृष्टीने गैर काही नाही, असे पोप बारावे पायस यांनी ८ जानेवारी १९५६ रोजी डॉक्टरांपुढे सांगितले. उत्पत्तीच्या पुस्तकात हव्वेला उद्देशून जे वचन आहे, त्याने वेदना हलकी करण्यास मनाई होत नाही, असा खुलासाही त्यांनी केला. २४ फेब्रुवारी १९५७ च्या भाषणात त्यांनी संमोहनाचाच विचार केला. उपचारासाठी डॉक्टरांनी ते वापरण्यास हरकत नाही, पण गुंगीच्या औषधाइतकीच खबरदारी घ्यावी आणि हौशी लोकांनी त्याचा खेळ करू नये, असा त्याचा आशय होता. तेव्हा आईने मुकाट्याने कळा सोसल्याच पाहिजेत, असे देवाच्या नावाने कोणी सांगू नये.

आता हे शिकतात कसे ते पाहू. शेवटच्या महिन्यांत बाई रोज थोडा वेळ शांत बसते. श्वास सावकाश सोडते, कपाळापासून पायांपर्यंत एकेक अवयव सैल करते आणि ओळखीची, आवडती जागा डोळ्यांपुढे आणते. नंतर ठरलेली शांत वाक्ये मनाशी म्हणते. ती बेशुद्ध नसते. तिला सगळे ऐकू येते आणि वाटेल तेव्हा ती उठू शकते. भीतीने अंग ताठरते आणि ताठरलेल्या अंगाला कळा अधिक जाचतात, हे ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात मांडले होते. ही भीती उतरवणे एवढेच संमोहनाचे काम.

त्याचा गुण किती? कॉक्रेन संस्थेने २०१६ साली नऊ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत २,९५४ स्त्रिया होत्या. संमोहन शिकलेल्यांना वेदनाशामक औषधे एकंदरीत काहीशी कमी लागली असावीत, असे दिसले. पण पाठीच्या कण्याजवळ दिल्या जाणाऱ्या एपिड्युरल इंजेक्शनची गरज घटल्याचे किंवा नैसर्गिक बाळंतपणे वाढल्याचे स्पष्ट दिसले नाही. म्हणून वेदनारहित बाळंतपणाची हमी देऊन कोणी पैसे मागू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ज्या बाईला गंभीर मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

आमच्या मते फारियांची शिकवण घरच्यांनीच अधिक ध्यानात घ्यावी. मनावर सूचनेचा परिणाम होत असेल, तर घाबरवणाऱ्या सूचनेचाही होणारच. गरोदर सुनेपुढे शेजारणी अडलेल्या बाळंतपणाच्या कहाण्या रंगवून सांगतात, ते बंद करा. काजूचा हंगाम असो वा लावणीचे दिवस, तिला रोज वीस मिनिटांचा विसावा द्या. बोंडू वेचायला आणि तरवा काढायला घरात दुसरे हात आहेत. नवऱ्यानेही तिच्याबरोबर बसून ती वाक्ये शिकावीत. कळांच्या वेळी ओळखीचा आवाज धीर देतो.

आणि धोक्याची लक्षणे पाठ करा: अंगावरून रक्त जाणे, पाणी फुटणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, झटके, बाळाची हालचाल कमी होणे. यांतले एकही दिसले तर डोळे मिटून श्वास मोजत बसू नये. लगेच १०८ ला फोन करून इस्पितळ गाठावे. रक्तस्राव सूचनेने थांबत नाही आणि चढलेला रक्तदाब शांत वाक्यांनी उतरत नाही.

देवाने मन दिले आहे आणि डॉक्टरांच्या हाती औषधही दिले आहे. बाळंतिणीला या दोन्हींचा लाभ मिळवून देणे हे घरातल्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.