कीर्द, खतावणी आणि आत्याबाईंची गाणी

काही वर्षांपूर्वी हस्त नक्षत्राच्या दिवसांत आत्याबाई आमच्या बडोद्याच्या घरी आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, परंतु भोंडल्याची गाणी व जात्यावरच्या ओव्या मुखोद्गत. संगणकाला मायक्रोफोन जोडून आम्ही ध्वनिमुद्रणास बसलो. आत्याबाई तीन तास गायल्या. रात्री ऐकू लागलो, तो दोन तास चार मिनिटांवर आवाज तुटलेला! पुढल्या आश्विनापूर्वीच आत्याबाई गेल्या.

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. कोणती फाईल डिस्कवर कोठे आहे, याचा हिशेब ठेवण्याच्या पद्धतीस फाईल सिस्टीम म्हणतात. ही डिस्कची खतावणीच म्हणा ना! आमची डिस्क फॅट-३२ या १९९६ सालच्या पद्धतीची होती. तीत एकेका फाईलीस ४ जीबीची मर्यादा असते. सेकंदास ९६,००० नमुने, प्रत्येक २४ बिटांचा, वाहिन्या दोन, अशा मुद्रणास तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. गणित उघड आहे. ते आम्ही आधी केले नाही, इतकेच.

मग निवड कशी करावी? डिस्क एकाच संगणकापाशी राहणार असेल, तर त्या संगणकाची स्वतःची पद्धत घ्यावी : विंडोजला एनटीएफएस, लिनक्सला ईएक्सटी-४, नव्या मॅकला एपीएफएस. पहिल्या दोन पद्धती हिशेबातील बदल आधी कीर्दीत टिपतात, मग खतावणीत चढवितात. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी हिशेब पुन्हा जुळविता येतो. एपीएफएस हेच निराळ्या रीतीने साधते. मात्र वीज जाते त्या क्षणी डिस्कवर न उतरलेला आवाज कोणतीही कीर्द परत देत नाही.

डिस्क विंडोज व मॅक या दोहोंकडे फिरणार असेल, तर एक्सफॅट सोयीची. कारण एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो, परंतु तीवर आपण होऊन लिहीत नाही. एक्सफॅटला ४ जीबीची अडचण नाही, तशी कीर्दही नाही. म्हणून संगणकास रीतसर सांगितल्यावाचून ती उपसून काढू नये.

आणखी दोन गोष्टी. साध्या वेव्ह फाईलीसही स्वतःची ४ जीबीची मर्यादा असते. तेव्हा डिस्क बदलली तरी दर तासाला नवी फाईल सुरू करावी, हे उत्तम. शिवाय पद्धत बदलण्यासाठी डिस्क फॉरमॅट केली की तिच्यावरचे सारे पुसले जाते. आधी प्रत काढून ठेवावी. एरवीही दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर असावीच.

आपल्या घरी कोणी गाणारे वडीलधारे असतील, तर हा हिशेब आजच करावा. डिस्क बाजारात पुन्हा मिळते.