ग्रंथपरामर्श : वीरांचे नवे जन्म

अमेरिकेंतील चित्रकथांचा नायक जन्मदात्यांवांचूनच वाढावयाचा, असा तेथील जुना संकेत. १९३८ सालच्या सुपरमॅनचें कुळ ग्रहासह नष्ट झालें. १९३९ सालच्या बॅटमॅनच्या डोळ्यांदेखत मातापितरांची हत्या झाली. भरल्या घरांत वाढणाऱ्या आमच्या मुलांना हे एकाकी वीर कां आवडावेत, याचें आम्हांस नवल वाटे. २०२४ सालीं डीसी व मार्व्हेल या दोन्ही प्रकाशनसंस्थांनीं या वीरांस नवे जन्म दिले, आणि कोणास कुटुंब द्यावें व कोणाचें काढून घ्यावें याची वांटणीच निराळी केली. त्यांतील चार मालिकांविषयीं येथें लिहावयाचें आहे.

'अल्टिमेट स्पायडरमॅन' (लेखक जोनाथन हिकमन, मुख्य चित्रकार मार्को केकेत्तो) ही आमच्या वाचकांस सर्वांत जवळची वाटावी. १९६२ सालच्या मूळ कथेंत पीटर पार्कर हा शाळकरी पोर होता, आणि चुलत्याच्या खुनानंतरच्या पश्चात्तापांतून त्याचा वीर झाला. येथें तो दोन लेकरांचा बाप आहे. मे काकू निवर्तल्या आहेत, पण बेन काका हयात आहेत. कोळी चावणें हाही येथें अपघात नाहीं. शक्ति स्वीकारावी कीं न स्वीकारावी, याचा निर्णय एका संसारी माणसाला जाणूनबुजून करावा लागतो. पोरवयांत साहसास विचार लागत नाहीं. घरीं मुलें निजलेलीं असतां खिडकींतून बाहेर पडावयास तो लागतो. हा भेद लेखकानें नेमका ओळखला आहे. चौथ्या अंकांत दोन जोडपीं भोजनास बसतात, आणि केवळ संभाषणाच्या बळावर अंक हातांतून ठेववत नाहीं. परंतु अंकागणिक कथेंतही एक महिना लोटावा, या स्वतःच घालून घेतलेल्या बंधनामुळें महत्त्वाच्या कांहीं घटना दोन अंकांच्या फटींतच घडून जातात.

'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' (स्कॉट स्नायडर व निक ड्रागोटा) याचा गाजावाजा मोठा. धनाढ्याच्या मुलानें मुखवटा चढवून रात्रीं भुरट्यांस बडवावें, हें मूळ कल्पनेंतील वैगुण्य. येथें बाप साधा शिक्षक. विद्यार्थ्यांना प्राणिसंग्रहालय दाखवावयास नेलें असतां गोळीबारांत मेला. आई मार्था जिवंत आहे. कल्पना उत्तम! पण हा निर्धन इंजिनिअर पोळासारखा दांडगा रेखाटला आहे. छातीवरील चिन्ह काढून तो त्याचीच कुऱ्हाड करतो व पहिल्याच अंकांत एका गुंडाचा हात तोडतो. दारिद्र्य संभाषणांत सांगितलेलें, सामर्थ्य मात्र पानोपानीं दाखविलेलें. मग पैसा गेला तरी गेलें काय? आई हयात ठेवली, तर तिच्या वांट्यास कुऱ्हाडीहून अधिक पानें यावयास हवीं होतीं. लहान मुलांच्या हातीं ही मालिका देऊं नये.

चौघांत सरस आहे ती 'अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन' (केली थॉम्पसन व हेडन शर्मन). १९४१ सालीं विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानें निर्मिलेली डायना अमॅझॉन स्त्रियांच्या रम्य बेटावर वाढली होती. येथें ती तान्हेपणींच नरकांत जाऊन पडते, आणि तिला वाढविते ती जुन्या चित्रकथांतील तिची वैरीण, चेटकी सर्सी. यशोदेची आठवण व्हावी. पण यशोदेला मूल हवें होतें, सर्सीच्या पदरीं तें न मागतां पडलें आहे. तें मूलच हळूहळू त्या चेटकीला आई करून सोडतें. पुढें नरकांत सांपडलेल्या स्टीव्ह ट्रेव्हरला पृथ्वीवर परत पाठविण्याकरितां डायना आपला हात अर्पण करते. बॅटमॅननेंही हात तोडला, पण दुसऱ्याचा! २०२५ सालीं या मालिकेस उत्कृष्ट नव्या मालिकेचें आयस्नर पारितोषिक मिळालें, तें सर्वथैव योग्य होय.

राहिला सुपरमॅन (जेसन आरन व राफा सँडोव्हाल). तो ब्राझीलमधील खाणकामगारांची बाजू घेतो, हें पाहून कित्येकांनीं भुंवया उंचावल्या. १९३८ सालच्या अगदीं तिसऱ्याच अंकांत त्यानें एका खाणमालकास स्वतःच्याच खाणींत कोंडून घेऊन मजुरांचे हाल दाखविले होते, हें ते विसरले असावेत. आमची तक्रार दुसरीच आहे. क्रिप्टनवरील भूतकाळ व पृथ्वीवरील वर्तमान यांच्यामध्यें कथा इतक्या उड्या मारते कीं, खाणींतील माणसें चेहऱ्यानें ओळखूं येण्यापूर्वींच आपण दुसऱ्या ग्रहावर जाऊन पोंचतों.